मुलांच्या मनाचा तज्ज्ञ काय करतो?

(नभोवाणी-भाषणाचा मजकूर)

"मुलगा तसा हुशार आहे हो, पण अभ्यासात लक्षच घालीत नाही." आम्हा शिक्षकांना हे वाक्य इतक्या वेळा ऐकावे लागते की, पालकांनी पहिले दोन शब्द उच्चारताच पुढचे आम्हांस कळून चुकतात. त्यानंतर घरी काय काय घडते तेही बहुधा ठरलेले असते. प्रथम शिकवणी लावली जाते. शिकवणीने भागले नाही की मुलाच्या कानशिलात बसते. मग आजी पत्रिका दाखवावयास सांगते; आणि आमचे उज्जैन तर ज्योतिषाचे जुने पीठ, वराहमिहिराचे नाव ज्या नगरीशी जोडले गेले आहे ती नगरी, तेव्हा पत्रिका पाहणारा शोधण्यास लांब जावे लागत नाही. कोणी नवस बोलतो, कोणी दृष्ट काढतो. हे सर्व करून झाले, मुलाची दोन वर्षे वाया गेली, आणि मुलगा घरात कोणाशी बोलेनासा झाला, म्हणजे मग कोणीतरी दबक्या आवाजात सुचवितो, "एखाद्या मानसशास्त्रज्ञाला दाखवून पाहा ना." या सूचनेने आईच्या डोळ्यांस पाणी येते आणि बाप चिडून म्हणतो, "म्हणजे माझा मुलगा वेडा आहे काय?"

श्रोतेहो, हा प्रश्न चुकीचा असला तरी त्यामागची भीती खरी आहे, आणि ज्याच्याकडे जावयाचे तो मनुष्य नेमके काय करतो हे ठाऊक नसल्यामुळे ती वाढते. यास्तव आज त्या कामाचीच माहिती द्यावी असे योजिले आहे.

आरंभीच एक भेद सांगितला पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो. तो औषध लिहून देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. बोलणे, निरीक्षण, कसोट्या आणि शिकविणे ही त्याची साधने होत. त्यातही रुग्णांची तपासणी व उपचार करणाऱ्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञास १९९२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि त्याला नोंदणी-क्रमांक मिळतो. तो क्रमांक विचारण्यात संकोच मानू नये. सध्या बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी व भावी व्यवसाय सांगणारी दुकाने निघाली आहेत. या ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असे भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. पत्रिका पाहणारा निदान तिला संगणकाचा झगझगीत कागद जोडून हजारो रुपये मागत नाही!

या व्यवसायाचा उगम शाळेतच झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १८९६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील विद्यापीठात लाइटनर विटमर नावाचे प्राध्यापक होते. मार्गारेट मॅग्वायर नावाची एक शिक्षिका त्यांच्याकडे आपल्या वर्गातील चौदा वर्षांच्या मुलाची तक्रार घेऊन गेली. मुलगा इतर बाबतीत समजूतदार, पण शब्दांची वर्णाक्षरे त्याला काही केल्या साधत नव्हती. मानसशास्त्र हे मनाचे शास्त्र आहे, तर त्याने या मुलाला मदत करता आली पाहिजे, असा त्या बाईंचा सरळ युक्तिवाद होता. विटमर यांनी मुलाला तपासले तेव्हा त्याच्या दृष्टीत दोष आढळला. प्रथम चष्मा आणि मग चिकाटीने दिलेले खास शिक्षण, असा उपाय झाला. जगातील पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते त्याच वर्षी, या मुलापासून सुरू झाले. पहिल्याच मुलाच्या बाबतीत दोष आधी डोळ्यांत सापडला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कारण आजही चांगला तज्ज्ञ मन तपासण्यापूर्वी मुलाचे कान आणि डोळे तपासून आणावयास सांगतो. मागच्या बाकावर बसून फळ्यावरचे न दिसणाऱ्या मुलांना आळशी ठरविण्याची आमच्या शाळांची परंपरा जुनी आहे.

पुढे १९०५ मध्ये पॅरिस येथे आल्फ्रेद बिने व त्यांचे सहकारी सिमोन यांनी बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. तीही शाळेसाठीच. कोणत्या मुलांना वेगळ्या मदतीची गरज आहे ते शिक्षकाच्या मर्जीवर न सोडता शोधून काढता यावे, एवढाच तिचा हेतू होता. मुलाच्या कपाळावर कायमचा आकडा मारावा असे बिने यांच्या मनात नव्हते. तो उद्योग पुढच्यांनी केला.

आपल्याकडे ही विद्या फार उशिरा आली असा समज आहे, पण तो तितकासा खरा नाही. मुंबईस १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची जी शिक्षणसंस्था निघाली, तिने १९३७ मध्येच बालमार्गदर्शन केंद्र उघडले. त्याच्याही आधी, १९२६ साली गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला होता. ताराबाईंचे कार्य शिक्षणाचे होते, चिकित्सेचे नव्हे. तथापि मुलाचे वागणे हे त्याचे बोलणेच असते आणि ते आधी पाहावे लागते, ही दृष्टी बोर्डी-कोसबाडच्या अंगणांत त्यांनी रुजविली. आणि मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवावे असे नाव म्हणजे व्ही. व्ही. कामत यांचे. बिने यांची कसोटी कामतांनी धारवाड भागातील मुलांवर घासून-तपासून मराठी व कानडी भाषांत आणली. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. बिने-कामत कसोटी देशात अनेक ठिकाणी आजही वापरात आहे. नागपुरास डॉ. ए. जे. मालिन यांनी गेल्या शतकाच्या सातव्या दशकात मुलांसाठी आणखी एका कसोटीचे भारतीय रूप सिद्ध केले, आणि तीही चालू आहे.

कामतांना केवळ भाषांतर करून का भागले नाही, हे समजून घेण्यासाठी धारवाडला जाण्याची गरज नाही. आमच्या नानाखेडा भागातील एखाद्या मराठी घरात डोकावले तरी पुरे.

राणोजी शिंद्यांनी अठराव्या शतकात उज्जैनला आपले ठाणे केले आणि दौलतरावांच्या काळी राजधानी ग्वाल्हेरला गेली. पण मागे राहिलेली, आणि नंतर नोकरीनिमित्त आलेली, मराठी कुटुंबे माळव्यात टिकून आहेत. अशा घरातील मूल आजीशी मराठी बोलते, गल्लीत हिंदी व थोडी माळवी बोलते, आणि शाळेत त्याची पुस्तके इंग्रजीत असतात. आता या मुलापुढे शब्दार्थाची कसोटी ठेवा. "शिक्षा म्हणजे काय?" असे विचारले तर ते "पढाई" असे सांगेल. मराठी परीक्षक शून्य गुण देईल. हिंदी परीक्षक पूर्ण देईल. "संसार" म्हणजे जग की बायकामुले? "चेष्टा" म्हणजे प्रयत्न की टिंगल? मुलाने दिलेले उत्तर चूक की बरोबर, हे प्रश्न कोणत्या भाषेत उमटला यावर अवलंबून आहे. मुलाची बुद्धी दोन्ही वेळी तीच. तीच गोष्ट लेखनाची. उज्जैनचे मराठी मूल "शाळा" हा शब्द "शाला" असा लिहिते आणि "मी जेवण करून राहिलो आहे" असे बोलते. महाराष्ट्रातून आलेला नातेवाईक हसतो. पण हा दोष मेंदूतला नसून शेजारच्या भाषेचा स्पर्श आहे. याउलट, जे मूल कोणत्याही भाषेत जोडाक्षर फोडू शकत नाही, "क" आणि "फ" यांत घोटाळा करते, ओळ वाचताना मधले शब्द गाळते, आणि तोंडी विचारले तर धडा धडाधड सांगते, त्याच्या बाबतीत वाचनाच्या अक्षमतेचा संशय घ्यावा लागतो. या दोहोंतला फरक ओळखणे हे तज्ज्ञाचे खरे कसब. त्यासाठी तो मुलाला घरी कोणती भाषा बोलता, स्वप्ने कोणत्या भाषेत पडतात, भांडण कोणत्या भाषेत करता, असेही विचारतो. भांडणाची भाषा हीच बहुधा खरी मातृभाषा असते!

भाषेचा हा अडसर टाळण्यासाठी शब्दांविना घ्यावयाच्या कसोट्याही आहेत. लाकडी पाटावरील खाचांत आकृत्या बसविणे, रंगीत ठोकळ्यांची दिलेली नक्षी जुळविणे, चित्राचे तुकडे जोडणे, असे त्यांचे स्वरूप असते. चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेला अशा पाच कसोट्यांचा संच अक्षरशत्रू मुलांनाही देता येतो. वाचन-लेखनाच्या अक्षमतेसाठी बंगळूरच्या निमहान्स संस्थेचा कसोटीसंच आहे. परंतु कसोटी कोणतीही असो, तिचा आकडा हा त्या दिवसाचा, त्या खोलीतला आकडा होय. मूल रात्रभर जागलेले असेल, घाबरलेले असेल, वा परीक्षकाला पाहून रुसलेले असेल, तर आकडा उतरतो. शिवाय जुन्या कसोटीवर आजच्या मुलाची तुलना आठ-नऊ दशकांपूर्वीच्या मुलांशी होते, हेही विसरता कामा नये. जो तज्ज्ञ पाऊण तासात आकडा सांगून मोकळा होतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा न जाणे बरे.

मग त्या खोलीत प्रत्यक्ष काय घडते? पहिल्या भेटीचा बराचसा वेळ आईबापांशी बोलण्यात जातो. बाळंतपण कसे झाले, मूल लगेच रडले काय, ताप येऊन आकडी आली होती काय, चालू-बोलू केव्हा लागले, झोप कशी आहे, घरात कोण कोण असते, कोणाचा मृत्यू झाला, कोणाची बदली झाली, असे प्रश्न येतात. पालकांना वाटते, मुलाची तक्रार घेऊन आलो तर हे आमची उलटतपासणी का करीत आहेत? पण सात वर्षांचे मूल एकाएकी अंथरूण भिजवू लागले आणि त्याच महिन्यात घरात धाकटे भावंड आले असले, तर दोन गोष्टींची सांगड प्रश्न विचारल्यावाचून लागत नाही. लहान मुलाला प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही, म्हणून त्याच्यापुढे बाहुल्या, माती, रंग ठेवतात. मूल खेळते आणि तज्ज्ञ पाहतो. शाळेच्या वह्या मागतो, शिक्षकांचे म्हणणे मागवितो. येथे आमची जबाबदारी येते. "लक्ष देत नाही" असा शेरा लिहिण्याऐवजी "गणिताच्या तासाला वीस मिनिटे बसतो, वाचनाच्या तासाला पाच मिनिटांत उठतो" असे लिहिले, तर त्या एका ओळीने तज्ज्ञाचे निम्मे काम होते.

उपचार म्हणजे उपदेश, हाही एक गैरसमज आहे. उपदेश घरी भरपूर झालेला असतो. भ्यालेल्या मुलाला भीतीच्या वस्तूजवळ पायरीपायरीने नेणे, चंचल मुलाचे काम लहान तुकड्यांत तोडणे आणि प्रत्येक तुकड्यानंतर लगेच शाबासकी देणे, रागाची पहिली खूण शरीरात कोठे जाणवते ते मुलाला ओळखावयास शिकविणे, अशी ती साधी पण नेटाची कामे असतात. आठवड्यातून एकदा, काही महिने. आणि त्यात अर्धा अभ्यास पालकांना करावा लागतो. "डॉक्टर, याला नीट करा, मी बाहेर बसतो," असे म्हणणाऱ्या वडिलांना बहुधा आतच बसविण्यात येते.

वाचनाची अक्षमता, स्वमग्नता यांसारख्या गोष्टी औषधाने वा धमकीने जात नाहीत. त्यांच्यासह शिकण्याच्या वाटा शोधाव्या लागतात. महाराष्ट्राने १९९६ पासून अशा अध्ययन-अक्षम मुलांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर या अक्षमतेस देशभर मान्यता दिली. जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी प्रमाणपत्र लागते. ते दहावीच्या परीक्षेच्या आदल्या महिन्यात नव्हे, तर चौथी-पाचवीत तपासणी करून मिळवावे.

आता किशोरवयाकडे वळतो, कारण येथे विलंब महागात पडतो. २०१५-१६ मध्ये निमहान्सने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. त्यात मध्य प्रदेशही होता. तेरा ते सतरा वर्षे वयाच्या मुलामुलींत शंभरात सुमारे सात जणांना मदतीची गरज असल्याचे तीत दिसून आले. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात तीन-चार. त्या मुलांना ओळखणे सोपे नाही. कारण मोठ्या माणसाची उदासी रडण्यातून दिसते, तर किशोराची चिडखोरपणातून. तो उद्धट झाला आहे असे आपण म्हणतो. पूर्वी आवडणारा खेळ सोडणे, मित्र टाळणे, रात्र रात्र जागणे, गुण एकाएकी घसरणे, आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकणे, "मी नसलो तर बरे" असे सहज म्हणून जाणे, या खुणा तज्ज्ञ गंभीर मानतो. २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे सांगतात. अशा विषयाचा प्रश्न विचारला तर मुलाच्या डोक्यात तो विचार शिरेल, या भीतीने पालक गप्प राहतात. वस्तुस्थिती उलट आहे. "तुला जगणे नकोसे वाटते काय?" असे शांतपणे विचारल्याने विचार शिरत नाही, आत कोंडलेला बाहेर येण्यास वाट मिळते.

निकालाच्या दिवसांत हे विशेष जपावे लागते. मध्य प्रदेश शासनाने २०१६ मध्ये "रुक जाना नहीं" ही योजना सुरू केली, ती अनुत्तीर्ण मुलांना त्याच वर्षी पुन्हा परीक्षेस बसता यावे म्हणून. एक वर्ष वाया जाण्याची भीती कमी करणे हेही एक प्रकारे मनाच्या उपचाराचेच काम आहे, आणि ते परीक्षा-मंडळाला जितके साधते तितके कोणत्याही एकट्या तज्ज्ञाला साधणार नाही.

किशोराशी तज्ज्ञ एकांतात बोलतो. आईबापांना हे रुचत नाही. "आमच्यापासून काय लपवावयाचे?" पण त्या एकांतावाचून मूल तोंड उघडत नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांत पापनिवेदनाची चाल आहे. तेथे ऐकलेले धर्मगुरू प्राण गेला तरी बाहेर सांगत नाही. मानसशास्त्रज्ञाचे मौन याहून वेगळे आहे, आणि तो फरक मुलाला पहिल्याच दिवशी सांगितला गेला पाहिजे. मुलाच्या वा दुसऱ्याच्या जिवास धोका दिसला तर त्याला पालकांना कळवावे लागते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यान्वये ते पोलिसांस कळविणे त्याला बंधनकारक आहे. तसे ते शिक्षकाला, शेजाऱ्याला, कोणालाही आहे. या दोन मर्यादा सोडल्या तर बाकीचे, मैत्रीचे, पहिल्या प्रेमाचे, चोरून ओढलेल्या सिगारेटीचे, बहुधा खोलीतच राहते. पालकांना तो काय बोलला हे सांगितले जात नाही. काय करावे हे सांगितले जाते.

अशी माणसे मिळतात कोठे, हा प्रश्न आपण मघापासून मनात धरून असाल. संख्या फारच थोडी आहे, आणि मुलांच्या कामात मुरलेली त्याहून थोडी. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात असे निर्देश दिले की, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. निर्देश उत्तम, एवढी माणसे तयार करावयास वर्षे लागतील. तोवर जिल्हा रुग्णालयाचा दरवाजा आधी ठोठवावा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर लहान मुलांतील दोष लवकर ओळखण्याची केंद्रे योजिली आहेत, आणि ती अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. २०२२ पासून "टेलि-मानस" ही शासकीय सेवा १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य मिळते. संकटातील मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यास खडूखेरीज खर्च येत नाही.

नानाखेड्याचे कित्येक पालक मात्र बसस्थानकावरून सरळ इंदूरची गाडी पकडतात. त्यांना काही सूचना. मुलाच्या दोन-तीन वर्षांच्या वह्या बरोबर घ्याव्या. प्रगतिपुस्तकापेक्षा त्या अधिक बोलतात. डोळ्यांचा व कानांचा तपासणी-अहवाल असल्यास न्यावा. मुलाची झोप झालेली असावी आणि पोट भरलेले. आईबाप दोघांनीही जावे. आणि कोठे जात आहोत ते मुलाला खरे सांगावे. "तुला वाचताना त्रास होतो, तो का होतो हे समजणाऱ्या बाईंकडे चाललो आहोत; सुई नाही, औषध नाही," एवढे पुरते. सराफ्यात खाऊ खाण्यास नेतो असे सांगून मुलाला तपासणीच्या खोलीत बसविले, तर पहिला तास त्याचा रुसवा काढण्यात जातो आणि त्या दिवसाची कसोटी फुकट जाते. सराफ्याचा बेत तपासणीनंतर करावा. तेथील खाण्याची दुकाने तशीही रात्रीच लागतात.